खड्डा कोरायचा की उंचवटा? चांदीकामाची बारीक डाय करण्याच्या पद्धती

(हुपरी येथील व्याख्यानाचे शब्दांकन. फळ्यावरच्या आकृत्या इथे देता आल्या नाहीत, म्हणून त्या जागी वर्णन थोडे वाढवले आहे. बोलण्याचा सूर शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

हुपरीत येऊन डायबद्दल बोलायचं म्हणजे पंढरपुरात जाऊन अभंग शिकवण्यासारखं आहे. इथल्या पैंजणाचा एक जोड हातात घेतला तरी त्यात डायची कितीतरी कामं दिसतात. घुंगराच्या वाट्या, कडीवरची पानं, मधली फुलं, फासा. पट्टी प्रेसखाली जाते, पंच खाली येतो, पान बाहेर पडतं. हे तुम्ही लहानपणापासून बघत आलाय. तेव्हा प्रेस कशी चालते हे मी सांगणार नाही. मी सांगणार आहे ती डाय कशानं करायची याची गोष्ट, कारण आज सकाळपासून तीन जणांनी मला वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारला: "लेझरचं मशीन घेऊ का?"

प्रश्न साधा नाही. घराच्या खालच्या मजल्यावर कारखाना, दोन-तीन प्रेस, चार-सहा माणसं, आणि मशीन घ्यायचं तर कर्ज. एकदा पैसा त्यात अडकला की पुढची पाच वर्षं हाताशी तेच मशीन. म्हणून आधी सगळ्या पद्धती शेजारी शेजारी ठेवून बघू. कुठली काय देते आणि बदल्यात काय घेते, ते कळलं की निम्मा निर्णय झाला.

आधी मापाचं बोलू. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आता कुणी म्हणेल, मायक्रॉनच्या गोष्टी पुण्या-बंगळुरूच्या प्रयोगशाळांच्या, आमचा काय संबंध? संबंध आहे. ०.२ मिलिमीटरच्या पट्टीतून पान कापायचं तर पंच आणि डाय यांच्यात प्रत्येक बाजूला मोकळीक किती ठेवता? मऊ धातूला जाडीच्या पाच टक्के हा ढोबळ हिशोब. ०.२ चे पाच टक्के म्हणजे ०.०१ मिलिमीटर. दहा मायक्रॉन! केसाचा सातवा भाग. ही मोकळीक वाढली की कडेला बर येते, बर कानशीनं काढावी लागते, आणि कानशीखाली जे पडतं ते चांदीचं असतं. म्हणजे सूक्ष्म काम तुमच्या गावात आधीपासून चालू आहे, फक्त त्याला कुणी इंग्रजी नाव दिलेलं नव्हतं.

दुसरा हिशोब. बंद डायमध्ये ठोकून काढलेलं एक चौरस सेंटिमीटरचं पदक घ्या. डाय दहा मायक्रॉन जास्त खोल झाली, तर त्या पदकात किती चांदी जास्त जाईल? चांदीची घनता १०.४९. आकडेमोड केली की साडेदहा मिलिग्रॅम येतात. एका नगाला काहीच नाही. हजार नगांना साडेदहा ग्रॅम. ज्या धंद्यात चांदी वजनानं घ्यायची, वजनानं परत द्यायची आणि घटीवरून भांडणं व्हायची, तिथे हा आकडा विसरून चालत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. डाय करण्याच्या सगळ्या पद्धतींमागे एक जुनी अडचण आहे. उंचवटा कोरणं सोपं असतं, खड्डा कोरणं अवघड. उंचवट्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला कानस, छिन्नी, कटर काहीही चारी बाजूंनी पोहोचतं, आणि कोपरा हवा तेवढा धारदार करता येतो. खड्ड्याच्या आतल्या कोपऱ्यात मात्र हत्यारच मावत नाही. हत्यार गोल असेल तर कोपरा गोल राहतो. आणि छापायच्या डायमध्ये आपल्याला बहुतेक वेळा खड्डाच हवा असतो.

यावर माणसानं शोधलेला उपाय म्हणजे आधी उंचवटा करायचा आणि तो दुसऱ्या धातूत उलटा उतरवायचा. कोल्हापूरकरांना हे सांगायला नको. आपल्या जिल्ह्यात इतक्या फाउंड्री आहेत, तिथे आधी पॅटर्न करतात आणि मग वाळूत त्याचा साचा. वाळूत थेट खड्डा कोरत कोणी बसत नाही.

मराठी माणसाचं याहून बारीक उदाहरण आहे छपाईच्या खिळ्यांचं. जावजी दादाजींनी मुंबईत १८६४ मध्ये टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. तिथले देखणे देवनागरी ठसे घडवले राणोजी रावजी अरू यांनी. या कामाची रीत बघा. पोलादाच्या लहान सळीच्या टोकावर अक्षर उलटं आणि उंच कोरायचं. म्हणजे 'क' च्या पोटातली पोकळी सोडली तर बाकी सगळं बाहेरून कानशीनं घडवता येतं. मग त्या सळीला पाणी देऊन ती कडक करायची, तांब्याच्या तुकड्यावर ठेवून घाव घालायचा. तांब्यात अक्षराचा खड्डा उमटतो, त्याला मातृका म्हणतात. त्या मातृकेत शिशाचा मिश्रधातू ओतला की खिळा तयार. उंच, मग खोल, मग पुन्हा उंच. एका पोलादी ठशातून कितीही मातृका. जोडाक्षरं, काने, मात्रा, रफार मिळून देवनागरीला शेकडो ठसे लागतात, आणि ते सगळे भिंगाखाली हातानं. मला विचाराल तर महाराष्ट्रातल्या सूक्ष्म धातुकामाचा इतिहास तिथून लिहायला हवा. टाकसाळींचीही रीत हीच. मूळ नमुना मोठ्या आकारात करायचा, यंत्रावर लहान करून पोलादी पंच काढायचा, आणि त्या पंचानं डाय दाबायच्या. एक डाय फुटली तर पंच शिल्लक असतो.

हे लक्षात ठेवून आता एकेक मशीन बघू.

पहिलं, सीएनसी मिलिंग. बारीक कार्बाइड कटर ०.१ मिलिमीटर व्यासापर्यंत बाजारात सहज मिळतात, त्याहून बारीकही मिळतात. समजा ०.२ चा कटर घेतला. आतला कोपरा ०.१ त्रिज्येचा राहणार, त्याला इलाज नाही. आणि कटर बारीक झाला की वेग लागतो. आठ हजार फेऱ्यांच्या स्पिंडलवर या कटरची धार मिनिटाला जेमतेम पाच मीटर चालते. पोलाद कापायला ते फारच कमी. चाळीस हजार फेऱ्यांवर पंचवीस मीटर होतात, तेव्हा कुठे काम जमतं. म्हणजे मोठ्या कामासाठी घेतलेल्या मशीनला बारीक कटर लावला की सूक्ष्म मिलिंग झालं, असं होत नाही.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. कटरची धार आपल्याला पात्यासारखी दिसते, पण भिंगाखाली तीही गोल असते, दोन-चार मायक्रॉन त्रिज्येची. प्रत्येक दात दोन मायक्रॉन पुढे सरकत असेल तर ती धार कापतच नाही, नुसती घासते. धातू बाजूला सरतो, बर येते, कटर तापतो आणि मोडतो. त्यात कटर कोलेटमध्ये पाच मायक्रॉन वाकडा फिरत असेल तर दोन दातांपैकी एकच दात सगळं काम करतो आणि दुसरा फुकट फिरतो. म्हणून मिलिंगच्या जॉबवर्कवाल्याकडे गेलात तर मशीनची कंपनी विचारू नका. कटर किती वाकडा फिरतो हे मोजता का, ते विचारा.

पण मिलिंगचा गुणही मोठा आहे. ते धातूला फारसं भाजत नाही, आकार तिन्ही दिशांनी देतं, आणि पृष्ठभाग बऱ्यापैकी गुळगुळीत सोडतं. उंचवटा करायला, म्हणजे पंच किंवा इलेक्ट्रोड करायला, मला आजही त्याच्याइतकं चांगलं काही दिसत नाही.

इलेक्ट्रोड म्हटलं की स्पार्क इरोजन आलं. १९४३ मध्ये सोव्हिएत संघात लाझारेंको पती-पत्नी एका वेगळ्याच कामाला लागले होते. स्विचचे धातूचे स्पर्श ठिणग्यांनी झिजतात, ते कसं थांबवायचं हा त्यांचा प्रश्न. झिजणं थांबलं नाही, पण त्यांच्या लक्षात आलं की या झिजण्यातूनच धातूला आकार देता येईल. तांब्याचा किंवा ग्रॅफाइटचा इलेक्ट्रोड हवा त्या आकाराचा करायचा, तो आणि पोलाद केरोसिनसारख्या तेलात समोरासमोर धरायचे, मध्ये बारीकशी फट, आणि सेकंदाला हजारो ठिणग्या. प्रत्येक ठिणगी पोलादाचा सूक्ष्म ठिपका वितळवून उडवते. इलेक्ट्रोडची उलट प्रत पोलादात उतरते.

याचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे पोलाद किती कडक आहे याच्याशी ठिणगीला देणंघेणं नसतं. तुमच्यापैकी डाय करणाऱ्यांना माहीत आहे, ओएचएनएस पोलादात सगळं काम करून झालं, मग भट्टीत घातलं आणि तेलात बुडवलं, की डाय थोडी तरी हलते. नाव नॉन-श्रिंकिंग असलं तरी दहा मायक्रॉनच्या हिशोबात ती हलतेच. ईडीएममध्ये आधी हार्डनिंग करून घ्यायचं आणि मग आकार द्यायचा. हलायचं ते आधीच हलून झालेलं असतं.

आता बदल्यात ते काय घेतं? एक, फट. खड्डा इलेक्ट्रोडपेक्षा प्रत्येक बाजूला काही मायक्रॉनपासून काही दहा मायक्रॉनपर्यंत मोठा होतो, तेवढा इलेक्ट्रोड लहान करावा लागतो. दोन, इलेक्ट्रोडही झिजतो, आणि झीज आधी कोपऱ्यांवर दिसते. जो कोपरा धारदार हवा म्हणून हा खटाटोप, तोच आधी जातो. म्हणून एक इलेक्ट्रोड खरडायला आणि दुसरा शेवटचा हात फिरवायला, असे निदान दोन लागतात. तीन, वितळलेला सगळा धातू उडत नाही. थोडा तिथेच गोठतो आणि पृष्ठभागावर एक पांढरा, ठिसूळ थर राहतो. बारीक ठिणगीत दोन-चार मायक्रॉनचा, जाड ठिणगीत त्याच्या कितीतरी पट. या थरात केसासारख्या चिरा असतात. प्लॅस्टिकच्या साच्यात त्या फारशा नडत नाहीत. प्रेसच्या घावाखाली नडतात, कारण चीर तिथूनच आत उतरते. डाय दोन महिन्यांत तडकली की लोक पोलादाला शिव्या घालतात. कित्येकदा दोष घाईनं मारलेल्या ठिणगीचा असतो. शेवटचा हात बारीक ठिणगीनं फिरवायचा आणि तो थर दगडानं किंवा डायमंड पेस्टनं घासून काढायचा, हे काम बिलात दिसत नाही म्हणून टाळलं जातं.

वायरकट ही याचीच बहीण. इलेक्ट्रोडच्या जागी पितळी तार, साधारण ०.२५ मिलिमीटरची. आरपार कापायचं असेल, म्हणजे पान कापण्याची डाय, तर वायरकटला तोड नाही. आतला कोपरा तारेच्या निम्मा अधिक फट, म्हणजे सुमारे ०.१५ त्रिज्येचा राहतो. त्याहून बारीक कोपरा हवा तर बारीक तार हवी, टंगस्टनची तार तर काही दहा मायक्रॉनपर्यंत बारीक मिळते, पण खर्च आणि वेळ वाढतो. वायरकट खळगा करू शकत नाही, तार आरपार जावी लागते, एवढंच.

आता लेझर. थोडं सावकाश बघू, कारण तुम्ही त्यासाठीच आला आहात.

बाजारात जे खोदकामाचं फायबर लेझर मशीन मिळतं ते नॅनोसेकंदाचं असतं. उजेडाचा ठिपका तीस-पन्नास मायक्रॉनचा. प्रत्येक फेरीत काही मायक्रॉनचा थर जातो. अर्धा मिलिमीटर खोल नक्षी करायची आणि एका फेरीत पाच मायक्रॉन जात असतील, तर शंभर फेऱ्या. फायदा अगदी उघड आहे: कटर नाही, इलेक्ट्रोड नाही, संगणकावर चित्र काढलं की काम सुरू. आणि मघाशी जो आतला कोपरा आपल्याला छळत होता, तिथे लेझर सगळ्यांच्या पुढे आहे. ठिपका पन्नासचा तर कोपरा पंचवीस मायक्रॉनचा. ०.२ च्या कटरपेक्षा चार पट धारदार. मोराच्या पिसाऱ्यातल्या रेघा, पानाच्या शिरा, देवाच्या पदकावरचं अक्षर, यात लेझर फार सुंदर काम देतं. हे मान्य करूनच पुढचं बोलतो.

पहिली अडचण भिंतीची. लेझरनं केलेल्या खड्ड्याची भिंत सरळ उभी राहत नाही, आत कलते. छाप मारायच्या डायला हे उलट बरंच, नग चटकन सुटतो. पण कापायच्या डायला चालत नाही. दुसरी अडचण तळाची. नॅनोसेकंद म्हणजे आपल्याला डोळ्याची उघडझाप वाटेल, पण धातूच्या दृष्टीनं तो भरपूर वेळ आहे. उष्णता आजूबाजूला पसरते, धातू वितळतो, उसळतो आणि कडेला गोठतो. तळ खरबरीत राहतो. आणि चांदी चुगलखोर धातू आहे. ती इतकी मऊ की डायच्या तळाला जे असेल ते सगळं नगावर उतरतं. मग उजाळ्याला वेळ जास्त, आणि उजाळ्यात पुन्हा घट. डायचा तळ घासून चकचकीत करायचा म्हटलं तर ज्या बारीक रेघांसाठी लेझर घेतलं, त्यांच्या कडा मारल्या जातात.

पिकोसेकंद आणि फेम्टोसेकंद लेझरमध्ये हा त्रास फार कमी होतो. धातू वितळायला वेळच मिळत नाही, तो थेट उडतो. इतके छोटे आणि तरी ताकदवान ठोके देण्याची युक्ती शोधल्याबद्दल डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांना २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण त्या मशीनची किंमत दोन-तीन प्रेसच्या कारखान्याच्या आवाक्यातली नाही. तेव्हा कुणी जाहिरातीत चकचकीत तळाचा नमुना दाखवला तर आधी विचारा, हा कुठल्या लेझरवर केलेला?

आणखी एक. 'डाय नसली तरी चालेल, लेझरनं थेट चांदीच कोरू' असंही म्हणतात. चांदी लेझरचा उजेड आरशासारखा परतवते, शिवाय उष्णता झटकन पसरवते. खुणा करायला ठीक. हजारो नगांसाठी प्रेसच.

रासायनिक कोरीव कामाबद्दल फार बोलत नाही. वर फोटोरेझिस्टचा पातळ थर, उजेडानं नक्षी, उघड्या भागावर फेरिक क्लोराइड. सर्किट बोर्डवाले रोज करतात. स्वस्त आहे, पृष्ठभागावर ताण येत नाही. पण आम्ल खाली खातं तसं बाजूलाही खातं. खोलीच्या निम्म्यापर्यंत तरी धरा, नुसतं बुडवून ठेवलं तर त्याहूनही जास्त. म्हणजे ०.१ खोल गेलात तर रेघ दोन्ही बाजूंना ०.०५ नं फुगणार. उथळ पोत, जाळी, बारदानासारखं टेक्श्चर, यासाठी उत्तम. खोल छापासाठी नाही. आणि वापरलेलं द्रावण गटारात सोडायचं नाही, हे वेगळं सांगायला लागू नये.

आता सगळ्यांत बारीक काम देणारी पद्धत: धातू कोरायचा नाही, वाढवायचा. इलेक्ट्रोफॉर्मिंग. मुलामा देतात तसंच, फक्त थर मिलिमीटरभर जाड होईपर्यंत थांबायचं आणि मग मूळ नमुन्यापासून सोडवून घ्यायचा. १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला मोरिट्झ याकोबीनं हे दाखवलं. ग्रामोफोनच्या तबकड्या ज्या ठशांनी दाबत ते ठसे असेच वाढवलेले. सुईची थरथर म्हणजे मायक्रॉनची नक्षी, ती धातूत जशीच्या तशी उतरते. कार्डांवरच्या होलोग्रामचे ठसेही निकेलचे, याच रीतीनं केलेले.

याचं टोक म्हणजे लिगा. १९८०च्या दशकात जर्मनीत कार्ल्सरुहच्या अणुसंशोधन केंद्रात हे पुढे आलं, युरेनियमचे समस्थानिक वेगळे करायच्या सूक्ष्म नळ्यांसाठी. सिंक्रोट्रॉनमधून येणाऱ्या क्ष-किरणांनी ॲक्रिलिकच्या जाड थरात नक्षी पाडायची. ते किरण इतके सरळ जातात की काही मायक्रॉन रुंद आणि शेकडो मायक्रॉन उंच भिंती अगदी ताठ उभ्या राहतात. मग त्या पोकळ्यांत निकेल भरायचं. आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर अशा कामासाठी किरणरेषा आहे. क्ष-किरणांऐवजी अतिनील उजेड आणि दुसरं रेझिस्ट वापरून याची स्वस्त आवृत्तीही निघाली आहे. खोली कमी, काम तसंच.

मग सगळ्यांनी हेच का करू नये? फॅराडेचा नियम मांडू. एक चौरस डेसिमीटरला एक अँपिअर दिला तर निकेल तासाला सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. तीन अँपिअर दिले तर ३७. तीन मिलिमीटर जाड ठसा हवा तर ८० तास, म्हणजे साडेतीन दिवसांच्या आसपास, आणि तेवढा वेळ वीज जाता कामा नये. कडांवर प्रवाह जास्त जमतो म्हणून कडा जाड होतात, मध्ये पातळ राहतं. आत ताण राहिला तर ठसा सोडवल्यावर पापडासारखा वाकतो. आणि मुख्य म्हणजे कडकपणा. असं निकेल साधारण २०० विकर्स. हार्डनिंग केलेलं डी-२ पोलाद साडेसहाशे-सातशे. प्लॅस्टिक किंवा मेण दाबायला निकेल छान. तुमच्या प्रेसचे रोजचे हजारो घाव सोसायला नाही. बारीकपणात सगळ्यांत वर असलेली पद्धत पैंजणाच्या पानासाठी सगळ्यांत खाली जाते, ती अशी.

याच कारणासाठी मी 'कुठलं मशीन सगळ्यांत बारीक?' या प्रश्नापासून सुरुवात करत नाही. डायनं काय सोसायचं आहे, तिथून सुरू करतो. आणि मग बहुतेक वेळा उत्तर एका मशीनचं निघतच नाही, दोन पद्धतींची जोडी निघते. मिलिंगनं तांब्याचा उंचवटा, त्यानं ईडीएमचा खड्डा. किंवा मिलिंगनं पोलादी पंच, त्यावर लेझरनं बारीक रेघा, हार्डनिंग, आणि तो पंच मऊ पोलादात दाबून डाय. राणोजी अरूंची रीत, कानशीच्या जागी संगणक.

या दाबण्याच्या रीतीला हॉबिंग म्हणतात, आणि मला वाटतं हुपरीसारख्या गावात तिचा अजून पुरेसा उपयोग झालेला नाही. घुंगराची वाटी घ्या. चार मिलिमीटर व्यासाचा अर्धगोल खळगा हवा. मिलिंगनं कराल तर कटरच्या पायऱ्या राहतात, घासावं लागतं, गोलाई बिघडते. त्यापेक्षा बेअरिंगचा चार मिलिमीटरचा छरा घ्या. कडक पोलाद, गोलाईत एक मायक्रॉनही चूक नाही, आरशासारखा चकचकीत, किंमत काही रुपये. ॲनिलिंग केलेल्या पोलादाचा कडकपणा २०० धरला, तर छरा अर्धा आत जायला १२.५७ चौरस मिलिमीटर गुणिले २०० म्हणजे सुमारे अडीच टन लागतात. घर्षण आणि धातूचं आखडणं धरून तीन-चार टन समजा. साध्या हायड्रॉलिक प्रेसचं काम. कडेनं धातू वर उसळतो तो घासून सपाट करायचा, मग हार्डनिंग. छरा फुटून उडू शकतो, म्हणून भोवती जाड पोलादी कडं आणि समोर जाळी हवीच. एका छऱ्यात एका बैठकीत दहा खळगे, सगळे एकसारखे. आणि वाट्या एकसारख्या असल्या की डाग देताना त्या एकमेकींवर नीट बसतात.

आता प्रश्न घेऊ.

*(प्रश्न: थ्रीडी प्रिंटरवर थेट डाय होत नाही का?)*

धातूचा प्रिंटर पावडर वितळवून थर चढवतो. पावडरचा कणच वीस-चाळीस मायक्रॉनचा, त्यामुळे पृष्ठभाग खरबरीत. छापाची डाय म्हणून तशीच वापरता येत नाही. रेझिनचा प्रिंटर मात्र उपयोगी आहे. त्यावर नमुना काढा, हातात घेऊन बघा, गिऱ्हाइकाला दाखवा, पसंत पडला की डाय करायला द्या. ओतीव कामाला तर तो नमुना थेट चालतो.

*(प्रश्न: आमच्याकडे हातानं डाय कोरणारे कारागीर आहेत. मशीन आलं की त्यांनी काय करायचं?)*

ईडीएमचा पांढरा थर कोण काढणार? लेझरच्या तळाला चमक कोण आणणार, रेघेची कड न मारता? तांब्याच्या इलेक्ट्रोडचा कोपरा भिंगाखाली कोण टोकदार करणार? मशीनचं ऑपरेशन महिनाभरात शिकता येतं. कुठे किती घासायचं हे बोटाला कळायला वर्षं लागतात. मजुरी कमी म्हणून हा माणूस गाव सोडून गेला, तर मशीनवर केलेली डाय घासायला तुम्ही बाहेर पाठवाल आणि त्याच कामाचे दुप्पट मोजाल. अर्थात त्या माणसानंही संगणकावर चित्र काढायला शिकलं पाहिजे, त्यात सूट नाही.

*(प्रश्न: मग लेझर घेऊ की नको, ते सांगा.)*

तुमच्या डाय मला माहीत नाहीत, तेव्हा हो-नाही सांगणार नाही. एक करा. गेल्या वर्षात सगळ्यांत जास्त चाललेल्या पाच डाय टेबलावर मांडा. त्यातल्या आरपार कापणाऱ्या किती, खोल छापाच्या किती, आणि उथळ बारीक नक्षीच्या किती, ते वेगळं करा. कापणाऱ्या जास्त असतील तर वायरकटचं जॉबवर्क चांगलं कुठे होतं ते शोधा, लेझर विसरा. खोल छापाच्या जास्त असतील तर चांगले इलेक्ट्रोड करून देणारा गाठा, आणि घुंगराला छरा वापरून बघा. उथळ नक्षीच्या जास्त असतील आणि डिझाइन दर महिन्याला बदलत असेल, तर लेझरचा विचार करायला हरकत नाही. पण घेण्याआधी तुमचंच डिझाइन देऊन एक डाय त्या मशीनवर करून घ्या, विकणाऱ्याचा नमुना नको. ती तुमच्या प्रेसवर तुमच्या पट्टीवर दहा हजार घाव चालवा. पहिले शंभर नग आणि शेवटचे शंभर नग वेगवेगळे तोला, उजाळ्याआधी आणि उजाळ्यानंतर. चार आकडे येतील, ते कागदावर लिहून ठेवा आणि मगच बँकेत जा.